धार तुटता कामा नये

"बर्फ आहे नुसता, बर्फ," नर्सबाई पुटपुटल्या. "जन्मात कधी गार पाण्यानं तोंड धुतलं नाही हिनं. आता तक्रार करणार नाही म्हणून काय वाटेल ते खपवायचं का?"

खरं तर या खोलीत बोलायचं नसतं. प्रार्थना म्हणायची, आणि फार तर 'टॉवेल', 'उजवा हात', 'जरा उचला' एवढंच. पण नर्सबाईंचं पुटपुटणं थांबवणं देवालाही जमलं नसतं, म्हणून बाकीच्या तिघींनी फार वर्षांपूर्वी ते मनातल्या मनात प्रार्थनेतच जमा धरून टाकलं होतं. धाकटी त्यांच्या कोपराला कोपर लावून उभी होती. खोलीच तेवढी. मधे लाकडी फळ्यांचं टेबल, भोवती बाई अंग चोरून सरकेल इतपत जागा, कोपऱ्यात नळ, आणि भिंतीवर तो गीझर, ज्याच्याबद्दल मंडळीचे सेक्रेटरी कधीपासून 'बघतो' म्हणत होते. नर्सबाईंनी बादलीत कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी पाहतात तसं, आणि किटलीतलं उरलंसुरलं ऊन पाणी तिन्ही बादल्यांत थोडं थोडं वाटून टाकलं. टेबलावर पांढऱ्या चादरीखाली मोठी होती.

यहुदी मंडळीतली बाई गेली की तिला मंडळीतल्याच बायकांनी आंघोळ घालायची, कफन घालायचं आणि शेवटी तिची क्षमा मागायची, अशी रीत. घरच्यांनी हे करायचं नाही, त्यांचे हात थरथरतात; परक्यांनीही करायचं नाही. मधल्यांनी करायचं. या शहरात हे मधलेपण चौघींच्या वाट्याला आलं होतं : मोठी, जिनं बाकीच्यांना शिकवलं, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या हेडबाई, आणि धाकटी. धाकटी आली तेव्हा खरोखरच धाकटी होती, विशीतली. तिच्यामागून कुणीतरी येईल आणि हे नाव तिच्याकडून काढून घेईल, असं सगळ्यांनी धरलंच होतं. कुणी आलं नाही. आता जिना चढताना तिचे गुडघे वाजत, सुईत दोरा ओवायला ती उजेडाकडे जाई, शिंपीकाम करायची त्या दुकानातल्या पोरी तिला काकू म्हणत. आणि या खोलीत ती अजून धाकटीच. धाकटी या शब्दाचा दुसरा अर्थ शेवटची असा होतो, हे तिच्या ध्यानात यायला तीस वर्षं लागली. तशी ती सगळ्याच बाबतीत सावकाश.

अंग स्वच्छ करून झालं होतं, आधी उजवी बाजू, मग डावी. आता पाणी घालायचं. हे पाणी मळ काढायला नसतं. तीन बादल्या, पण धार एकच. पहिली बादली संपायच्या आत दुसरी सुरू, दुसरी संपायच्या आत तिसरी. डोक्यापासून पायापर्यंत पाणी अखंड चालत राहिलं पाहिजे. मोठी नेहमी दाराशीच बजावायची, "धार तुटता कामा नये हां." जणू आत जाऊन कुणी मुद्दाम तोडणार होतं. आजवर पहिली बादली नर्सबाईंची, दुसरी धाकटीची, तिसरी मोठीची. हेडबाई शाळेतल्या खणखणीत आवाजात प्रार्थना म्हणायच्या. आज हेडबाईंनी प्रार्थना म्हणता म्हणताच दुसरी बादली उचलली आणि तिसरी धाकटीकडे आली. नर्सबाईंनी दुखरा खांदा सांभाळत ओतायला सुरुवात केली. हेडबाईंनी वेळेवर धरली. पाणी मोठीच्या पांढऱ्या केसांवरून, खांद्यावरून, फळ्यांवरून वाहत गेलं. हेडबाईंची बादली कलत गेली, धार बारीक झाली, सुतासारखी झाली, आणि धाकटी भरली बादली छातीशी धरून मोठीनं ओतायची वाट पाहत राहिली.

थेंब पडले. एक. मग बऱ्याच वेळानं आणखी एक. मग फळ्यांखालच्या मोरीत पाणी गिळल्यासारखा आवाज झाला आणि तोही थांबला. धाकटीला आधी कळलंच नाही की हे शांत होणं तिच्यामुळे आहे. तिनं चक्क मान वळवून उजवीकडे पाहिलं होतं, जिथे मोठी उभी राहायची तिथे. तिथे भिंत होती, ओलसर, रंगाचे पोपडे आलेली. हेडबाईंनी प्रार्थना मधेच सोडली. नर्सबाईसुद्धा पुटपुटल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं. त्यांनी आपली रिकामी बादली नळाखाली सरकवली. पुन्हा पहिल्यापासून.

नळाला धार अशी नव्हतीच, करंगळीएवढं पाणी. बादली भरताना तळाशी आधी ताशासारखी वाजते, मग जाड होत होत मुकी होते. धाकटी तो आवाज ऐकत उभी राहिली आणि तिला आईच्या वेळचं आठवलं, म्हणजे तेव्हा आत काय झालं ते न दिसणं आठवलं. ती तेव्हा याच दाराच्या बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर आईची पर्स घेऊन. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की आईची मान आखडलेली असते, डोकं मागे टाकलं की तिला दुखतं, हे आतल्या बायकांना कुणी सांगितलंय का. पुढे दुखवट्याचे दिवस संपल्यावर ती मोठीच्या घरी गेली. दारातच उभी राहून तिनं विचारलं, "आईची मान दुखली नाही ना?" आपण काय विचारतोय हे कळून तिचे कान तापले. मोठी हसली नाही, तिनं जवळही घेतलं नाही. उत्तरही दिलं नाही. पुढच्या वेळी मंडळीतली कुणी म्हातारी गेली तेव्हा तिनं निरोप पाठवला, अंगठी-घड्याळ काढून ये. धाकटीकडे अंगठी नव्हतीच. ती गेली, आणि त्या दिवशी मोठीनं तिला एवढंच दाखवलं : मानेखाली तळहात कसा द्यायचा. बोटं पसरून. वजन आपल्या कोपरात घेऊन. तेच तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं, आणि असं उत्तर पुन्हा तिला आयुष्यात कुणी दिलं नाही. ना डॉक्टरनं, ना त्या एका गृहस्थानं, ज्यानं दोन वर्षं दर शनिवारी शब्बाथच्या प्रार्थनेनंतर तिला घरापर्यंत सोडलं आणि मग 'तुझ्या हातांचं मला जरा कसंतरी वाटतं' असं म्हणून दुसरीकडे जमवलं. चांगला माणूस होता. खरं बोलला. त्याच्या आईलाही पुढे धाकटीनंच आंघोळ घातली.

दुसऱ्यांदा धार तुटली नाही. तिसरी बादली वेळेआधीच कलंडली, इतकी की हेडबाईंच्या बाह्या भिजल्या. मग त्यांनी मोठीला कोरडं केलं, कफनाचे कपडे चढवले. टेबलावरून वस्तू आरपार द्यायची नाही, तिला ओलांडल्यासारखं होतं. म्हणून टोपी, सदरा, पट्टा, एकेका गोष्टीसाठी धाकटी अंग चोरत सगळ्या टेबलाला वळसा घालत राहिली. पट्टा गाठ न मारता नुसता पिळून अडकवला. हे कफन तिनंच शिवलं होतं, मोठीचं माप घेऊन, चार वर्षांपूर्वी, दुकान बंद असायच्या दिवशी. "कंबरेत जरा सैल ठेव," मोठी तेव्हा हात वर करून आरशासमोर उभी राहून म्हणाली होती, "आत श्वास घेता आला पाहिजे मला." नर्सबाईंचं आणि हेडबाईंचंही शिवून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. त्याच ताग्यातलं एकीपुरतं कापड उरलं होतं. ते कापायचं राहिलं होतं. स्वतःचं माप स्वतःला नीट घेता येत नाही. शिंप्यांची ही जुनी अडचण.

शेवटी तिघी पायांशी उभ्या राहिल्या. मोठीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, जे या खोलीबाहेर कुणी घेत नव्हतं, ते घेऊन हेडबाई म्हणाल्या, आमच्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा कर, आम्ही रीतीप्रमाणे केलं. 'काही कमीजास्त' इथे त्यांचा आवाज जरा अडखळला, की धाकटीलाच तसं वाटलं. पाठ न दाखवता त्या दाराकडे सरकल्या.

बाहेर त्याच बाकावर मोठीची सून बसली होती. दातांच्या डॉक्टरकडे फोन घेणारी, चाळिशीची, लग्नाला पंधरा वर्षं होऊनही मंडळीत नेहमी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहणारी. आत या म्हटलं की 'बरी आहे इथे' म्हणणारी. ती उठली. "पाणी कोमट होतं ना?" तिनं विचारलं, आणि लगेच ओठ मिटले.

"छान कोमट होतं," नर्सबाई म्हणाल्या.

धाकटी हात धुवायच्या निमित्तानं पुढे गेली. अंगणात सेक्रेटरी फोनवर माणसं गोळा करत होते. पुरुषांना सामुदायिक प्रार्थनेला दहा जण लागतात आणि दहाची काळजी सगळी मंडळी वाहते. टॅक्सी पाठवतात, हातापाया पडतात, मधुमेहाच्या म्हाताऱ्याला गादीवरून उचलून आणतात, आणि नऊ झाले की अंगणात इतकं हळहळतात की बघत राहावं. बायकांच्या तीन बादल्यांची मात्र कधी कुणी मोजदाद केली नव्हती. त्या आपल्या असतातच, नळ असतो तशा. दिवसही असे होते की मोजायचं म्हटलं तरी जीव घाबरावा. फाटकावरची प्रार्थनाघराची पाटी गेल्या वर्षी उतरवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, आपणच, उगाच कुणाच्या डोळ्यांत नको म्हणून. फाटकाशी एक पोलीस खुर्ची टाकून बसे आणि रोज दिसणाऱ्या बायकांच्याही पर्स उघडून बघे. दर दोन-चार महिन्यांनी एखादं घर सामान बांधून परदेशी मुलाकडे जाई. जाणारे म्हणत, हवा बदलायला चाललोय. राहणारे म्हणत, बरं केलंत. मग पुढच्या शब्बाथला एक बाक रिकामा, आणि त्या बाकाकडे न बघता बसायची कला सगळ्यांना साधली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात धाकटीनं एका गृहस्थाच्या पँटची उंची कमी केली आणि संध्याकाळच्या आत तो गृहस्थ एका पायात घोटा आणि एका पायात फरफटती शिवण अशा अवस्थेत परत आला. मुलाखतीला गेला होता. "चार माणसांसमोर सुटली हो!" तो म्हणाला, रागावलेला कमी आणि रडवेला जास्त. मालकांनी शिवण उलटून पाहिली. टाके सरळ, एकसारखे, अन् दोऱ्याच्या टोकाला गाठच नाही. "काकू, हात म्हातारा झाला की काय?" ती काय सांगणार, की कफनाला गाठ मारत नाहीत, मातीत सगळं आपोआप सुटावं म्हणून. आणि खोलीत जाऊन आलं की तिच्या बोटांना दोन-तीन दिवस गाठ आठवत नाही? मोठीला सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती, आणि म्हणाली असती, त्याला म्हणावं पैसे परत घे आणि पुढच्या खेपेला मरून ये. धाकटीला त्या वाक्याचं एकटीलाच हसू आलं. गृहस्थाला वाटलं आपल्यालाच हसतेय. तो आणखी रडवेला झाला. तिनं स्टुलावर बसून त्याची शिवण घातली, गाठ मारली, त्या गाठीवर आणखी एक मारली, आणि दोरा दातानं तोडताना तिच्या मनात स्वच्छ आलं, की असं वाक्य आता फक्त मनात ऐकू येणार, बाहेरून नाही. कात्री, इस्त्री, खडूचा तुकडा, सगळं जागच्या जागी होतं. खोली तीच होती. तरी कुणीतरी भिंती दोन बोटं मागे सरकवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी ती मोठीच्या घरी गेली. दुखवट्याचे सात दिवस घरचे खाली बसतात, आरसे झाकलेले असतात, आणि मंडळी प्रार्थनेला येते. दहा झाले होते. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर तसा उजेड होता. धाकटी झाकलेल्या आरशाखाली बसली. त्याच आरशात मोठीनं ते माप दिलं होतं. प्रार्थना संपल्यावर सेक्रेटरी बायकांच्या बाजूला आले, खिशातून एक किल्ली काढली, त्या खोलीची, मोठीच्या उशाखाली सापडलेली. त्यांनी ती नर्सबाईंकडे धरली. नर्सबाईंनी हेडबाईंकडे पाहिलं. हेडबाईंनी आपल्या पायांकडे. किल्ली हवेत थोडी हलली आणि धाकटीच्या ओंजळीत आली.

"तुम्ही तिघी आहात म्हणून बायकांच्या बाजूची काही चिंताच नाही आम्हाला," सेक्रेटरी म्हणाले.

"गीझर," नर्सबाई म्हणाल्या.

"बघतो, बघतो."

भोवतीच्या बायका, सहा-सात असतील, हातातल्या कपांत पाहत राहिल्या. त्यांच्यातल्या एकीलाही कधी कुणी 'तू येतेस का' असं विचारलं नव्हतं. ते विचारायचं नसतंच. कुणाला त्या खोलीत बोलावणं म्हणजे तिला मरणाची आठवण देणं, वाईट दिसतं. मोठी निरोप पाठवायची, पण मोठीला सगळं शोभायचं. धाकटीनं किल्ली पर्समध्ये टाकली आणि कप विसळायला स्वयंपाकघरात गेली. मागोमाग नर्सबाई आल्या, खांदा चोळत. हेडबाई आधीच तिथे होत्या, मोरीसमोर, एकच कप पुन्हा पुन्हा धूत.

"मुलाकडचं तिकीट काढलंत म्हणे," धाकटी हेडबाईंना म्हणाली. म्हणजे मंडळीत सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त कुणी उच्चारलं नव्हतं.

"पुढच्या महिन्याचं."

"बरं केलंत. नातवंडांना आनंद होईल."

"नातवंडं कॉलेजात आहेत. त्यांना माझ्याशी काय बोलावं ते सुचत नाही. फोनवर हवा कशी आहे ते सांगतात." हेडबाईंनी नळ बंद केला. वर्गात गोंगाट वाढला की एकदम गप्प होऊन उभ्या राहत तशा त्या उभ्या राहिल्या, फक्त इथे गोंगाट नव्हता. "मी मुलाला आधी काय विचारलं माहितीय? खोली कशी आहे, जिना किती आहे, काही नाही. तिथे मेलेल्या बाईला आंघोळ घालणाऱ्या बायका किती आहेत, हे विचारलं. पुष्कळ आहेत म्हणाला. पाळ्या लावतात. एकीला जमलं नाही तर दुसरी." त्या थांबल्या. "काल धार तुटली ना, तेव्हा मला मोठीचं वाईट नाही वाटलं. खोटं कशाला बोलू? मला माझंच दिसलं. नातवंडं नाहीत, हवा नाही, काही नाही. मी तीन बादल्यांसाठी चाललेय."

खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीत कुणीतरी दिवा लावला, एक पिवळा चौकोन समोरच्या भिंतीवर पडला. धाकटीला राग येईल असं वाटलं होतं. टाचणी बोटात शिरते तेव्हा आधी नुसतं गार लागतं, रक्त नंतर येतं, तसं काहीसं झालं. आणि रक्ताची वाट बघता बघता तिच्या लक्षात आलं की आपण बरोबर त्या खोलीतल्यासारख्याच उभ्या आहोत, नर्सबाई डावीकडे, हेडबाई पलीकडे, आणि उजवीकडे कुणी नाही.

दारात सून होती. हातात सोललेल्या अंड्यांची ताटली, दुखवट्याच्या घरात देतात ती, बोटांना टरफलांचे कण चिकटलेले. किती वेळ उभी होती कोण जाणे. "मी... नंतर येते," ती म्हणाली आणि नेहमीप्रमाणे चौकटीला टेकली. पण गेली नाही. "मावशी, एक विचारू? खरं सांगाल? पाणी कोमट होतं का?"

नर्सबाई खिडकीकडे वळल्या.

"नाही," धाकटी म्हणाली. "गार होतं. किटलीतलं घातलं जमेल तेवढं, पण गारच होतं. आणि माझ्या हातून धार तुटली. मग आम्ही पुन्हा सगळं पहिल्यापासून घातलं."

सुनेनं अंगठ्यानं बोटावरचा टरफलाचा कण खरवडला. "म्हणजे दोनदा आंघोळ झाली," ती म्हणाली. "घरातही दोनदाच करायच्या त्या. बाथरूमचं दार वाजवून वाजवून माझे हात दुखायचे." आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. डोळे पुसायला हात मोकळा हवा, म्हणून ताटली ठेवायला ती चौकट सोडून आत आली. ओट्यावर जागा नव्हती. ती अंग चोरत, तिघींना वळसा घालून, धाकटीच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

धाकटीनं तिच्या हातातली ताटली घेतली. तिचे हात बघितले. रुंद होते, फोन उचलणाऱ्या बाईला नको तितके मजबूत.

"नर्सबाईंचा खांदा गेलाय," ती म्हणाली. आवाज आपलाच आहे याची तिला खात्री वाटेना, म्हणून ती जरा मोठ्यानं बोलली, बाहेर बसलेल्या बायकांनाही ऐकू जाईल इतकं. "हेडबाई चालल्या. मी मेले की मला आंघोळ घालायला इथे कुणी नाही गं. मला फार भीती वाटते. तू येशील?"